पंधरा टक्के कशाचे?

कणकवलीच्या एका दुकानातून घेतलेला मोबाइल बदलून घेताना काय काय करावं लागलं, ते सविस्तर लिहिते आहे. आमच्या भागात फोन परत न्यायचा म्हटला की दुकानदार ‘रीस्टॉकिंग चार्ज’ सांगतो, म्हणजे परत आलेला माल पुन्हा विक्रीला ठेवण्याचा आकार. दहा टक्के, पंधरा टक्के, कधी त्याहून जास्त. बहुतेक माणसं तेवढे पैसे सोडून येतात, नाहीतर नको असलेला फोन तसाच वापरत राहतात. मी ते केलं नाही, आणि त्यातून जे कळलं ते आणखी कुणाच्या उपयोगी पडावं असं मनापासून वाटतं.

आमचं घर देवगड तालुक्यात, कुणकेश्वरच्या अलीकडे, सड्याखालच्या, म्हणजे कातळाच्या पठाराखालच्या, वाडीत. सड्यावर चढलं की सगळ्या कंपन्यांची रेंज येते. वाडीत उतरलं की बीएसएनएल सोडून काही नाही. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामांचा, नंबर पहिल्यापासून बीएसएनएलचाच. तोच आमच्या हापूसच्या पेट्यांवर छापलेला आहे. मुंबई-पुण्याची जुनी गिऱ्हाइकं मार्च उजाडला की त्याच नंबरवर विचारायला लागतात. आता नुसते फोन येत नाहीत, पत्ते व्हॉट्सअॅपवर येतात, पैसे यूपीआयने येतात, पेटी पोचल्यावर गिऱ्हाईक आंब्याचे फोटो पाठवतं. तेव्हा वाडीत इंटरनेट चालणं ही हौस नाही, धंद्याची गरज आहे. बीएसएनएलचं स्वदेशी फोरजी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झालं आणि आमच्याकडच्या टॉवरवरही ते आलं, म्हणून मामांना नवा फोन घ्यायचा असं घरात ठरलं.

कणकवली आम्हाला जवळ नाही. नांदगाव तिठ्यावर उतरून पुढची गाडी धरायची, म्हणजे जाण्यायेण्यात दिवस मोडतो. म्हणून जाण्याआधी मी दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर मॉडेलचं नाव लिहून विचारलं होतं, ‘आमच्याकडे फक्त बीएसएनएल आहे. यात बीएसएनएलचं फोरजी चालेल ना?’ उत्तर आलं, ‘हो, चालेल. या.’ पुढे सगळं प्रकरण या एका मेसेजवर उभं राहिलं.

फोन घेतला १६,९९९ रुपयांना. जीएसटीचं पक्कं बिल घेतलं, त्यावर आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहिलेला आहे याची खात्री केली. बिलाच्या तळाशी नेहमीचं वाक्य होतं: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ रीस्टॉकिंग चार्जबद्दल बिलावर अक्षर नव्हतं, काउंटरवर पाटी नव्हती, तोंडीही कुणी काही बोललं नव्हतं.

घरी सिम घातलं तर कोपऱ्यात नुसतं ‘ई’. म्हणजे टूजी. फोन येत होते, जात होते, पण व्हॉट्सअॅपचा साधा मेसेज जायला युगं लागत होती. मामा दोन दिवस काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “अगो, ह्येच्यार फोटोच येणत नाय. जुनो फोन बरो होतो.” माझ्या चुलतदिराचा मुलगा कुडाळला डिप्लोमा करतो. त्याने तेच सिम त्याच्या फोनमध्ये घातलं, तर अंगणात बसून फोरजी मिळालं. म्हणजे सिम ठीक, टॉवर ठीक.

खरी गोष्ट त्यानेच शोधून काढली. मोबाइलचे सिग्नल वेगवेगळ्या पट्ट्यांवर येतात, त्यांना बँड म्हणतात. आमच्या वाडीत पोचणारं बीएसएनएलचं फोरजी ७०० मेगाहर्ट्झवर येतं, त्याचा क्रमांक बँड २८. कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल लांब जातो, झाडीतून आणि भिंतींतून आत शिरतो, म्हणून आमच्यासारख्या खोलगट जागी तोच काय तो पोचतो. मामांच्या फोनच्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे बँड दिले होते: १, ३, ५, ८, ४०, ४१. अठ्ठावीस त्यात नव्हताच. शहरात हा फोन घेणाऱ्याला याचा पत्ताही लागणार नाही, कारण तिथे इतर बँड मिळतात. आमच्या वाडीत मात्र तो कधीच फोरजी पकडणार नव्हता.

दुकानात फोन केला. तिथला मुलगा म्हणाला, “सर्व्हिस सेंटरचं पत्र आणा, मग बघू.” नवा फोन सुरुवातीलाच बिघडलेला निघाला, तर कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर तसं लिहून देतं आणि त्या कागदावर दुकानदार फोन बदलून देतो, अशी ती पद्धत. मी गेले. त्यांनी फोन तपासला, जॉबशीट दिली, त्यावर शेरा मारला की हँडसेटमध्ये दोष आढळला नाही. तिथल्या तंत्रज्ञाने मला नीट समजावलं, “हा फोन जसा बनवला आहे तसाच चालतोय. त्यात बँड २८ दिलेलाच नाही, तर आम्ही दुरुस्त काय करणार?” त्याचं बरोबर होतं. पण जॉबशीट हातात घेऊन दुकानात गेले तेव्हा तोच कागद माझ्यासमोर धरला गेला. “वहिनी, फोनमध्ये दोष नाही. तुम्हाला आवडला नाही म्हणून परत करायचा असेल तर पंधरा टक्के कापून घेऊ. त्याऐवजी दुसरा घेणार असाल तर दहा टक्के.”

पंधरा टक्के म्हणजे २,५५० रुपये.

मालक आतून आले. पन्नाशीचे, शांत माणूस. त्यांनी त्यांची बाजू सांगितली आणि ती मला खोटी वाटली नाही. फोन पहिल्यांदा सुरू झाला की त्याच तारखेपासून वॉरंटी चालू होते. कंपनीच्या नोंदीत तो सेट विकला गेला असं लागतं. वितरक असा सेट परत घेत नाही. सील फोडलेला फोन नवा म्हणून विकता येत नाही. विकला, तर पुढचं गिऱ्हाईक वॉरंटीची तारीख बघून भांडायला येणार. ‘ओपन बॉक्स’ म्हणून दीड-दोन हजारांनी उतरवून विकावा लागतो, आणि मोबाइलच्या धंद्यात सुटणारा पैसा एवढा थोडा असतो की एका परत आलेल्या फोनात पुढच्या कितीतरी फोनांची कमाई जाते. मग ते म्हणाले, “तुमची हापूसची पेटी गिऱ्हाइकाने उघडली, चार आंबे हाताळले आणि परत पाठवली, तर तुम्ही पुरे पैसे देता का?”

मी म्हटलं, “नाही देत काका. पण हापूस सांगून पेटीत रायवळ भरला असेल तर देतो, आणि टेंपोचं भाडंही आमचंच.”

मला एवढंच म्हणायचं होतं. माझं मन बदललं असतं, रंग आवडला नसता, फोन हातात मोठा वाटला असता, तर मालकांचं नुकसान माझ्यामुळे झालं असतं आणि त्यातला वाटा मी द्यायला हवा होता. तोही किती, हे विकत घेण्याआधी सांगितलेलं असेल तर. इथे मात्र मी विचारलं होतं, त्यांनी ‘हो’ म्हटलं होतं, आणि ते ‘हो’ खरं नव्हतं.

त्या दिवशी काही ठरलं नाही. मी फोन दुकानात ठेवून आले नाही, हे महत्त्वाचं. “ठेवून जा, बघतो” असं त्यांनी सुचवलं होतं. वस्तू त्यांच्याकडे आणि पैसेही त्यांच्याकडे, कागद मात्र काहीच नाही, अशी अवस्था मला नको होती.

घरी येऊन ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वाचून काढला. इंटरनेटवर तो सगळा मिळतो. (सड्यावर बसून वाचला.) त्याच्या कलम २ मध्ये दोष म्हणजे काय ते दिलं आहे. मला वाटलं होतं, दोष म्हणजे बिघाड. कायदा त्याहून पुढे जातो. गुणवत्तेतली, प्रमाणातली किंवा दर्जातली कमतरता म्हणजे दोष, आणि तो दर्जा नुसता कायद्याने ठरवलेला नव्हे, तर व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे सांगितलेलाही धरला जातो. म्हणजे सर्व्हिस सेंटरने ‘दोष नाही’ लिहिलं ते कंपनीच्या मापाने. दुकानदाराने ‘बीएसएनएलचं फोरजी चालेल’ असं सांगून विकलेला फोन ते चालवत नसेल, तर कायद्याच्या मापाने त्यात दोष आहे. त्याच कलमात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. मालाच्या दर्जाबद्दल खोटं विधान करणं, मग ते तोंडी का असेना, तिच्यात येतं. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, हेही येतं. बिलाच्या तळाशी छापलेल्या वाक्याने हे पुसलं जात नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. नुसतं मन बदललं म्हणून दुकानातून घेतलेली वस्तू परत करण्याचा हक्क आपल्याकडे कायद्याने दिलेला नाही. युरोपात ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते. अमेरिकेत रीस्टॉकिंग फी सर्रास चालते, पण मुदत आणि फी दुकानाच्या धोरणात लिहून ठेवलेली असते. आपल्याकडे मन बदललेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार काय देतो ते त्याच्या मर्जीवर आहे. ऑनलाइन खरेदीसाठी २०२० चे वेगळे ई-कॉमर्स नियम आहेत. सदोष, नकली, जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळी किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर आलेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ऑर्डर रद्द केल्याचा आकारही, कंपनी स्वतः ऑर्डर रद्द करताना तसाच आकार सोसत असेल तरच ती ग्राहकावर लावू शकते.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. मराठीत बोलता येतं. त्यांनी तक्रार नोंदवून क्रमांक दिला. ही हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती तक्रार समोरच्याकडे पाठवते, पाठपुरावा करते, पण दुकानदाराला हुकूम देऊ शकत नाही. तरीही क्रमांक मिळाल्याने माझ्या पत्राला वजन आलं.

पत्र मी एका पानात बसवलं. बिलाचा क्रमांक आणि तारीख, आयएमईआय, मी विचारलेला प्रश्न आणि त्यांचं उत्तर, सर्व्हिस सेंटरची जॉबशीट, कंपनीच्या संकेतस्थळावरची बँडची यादी. मागणी एकच: बँड २८ असलेला फोन बदलून द्या, किमतीतला फरक इकडचा तिकडे करू, टक्केवारीची कपात मान्य नाही. शेवटी लिहिलं की हे झालं नाही तर ओरोसला, सिंधुदुर्गनगरीतल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. हे सगळं पत्रात घातलं, कारण ते दुकानदारालाही माहीत असावं. पत्र हाताने दिलं आणि माझ्या प्रतीवर दुकानाचा शिक्का व सही घेतली. तो मुलगा शिक्का मारायला का-कू करत होता. मी स्टुलावर बसून राहिले.

मालकांचा फोन संध्याकाळी आला. आवाजात राग नव्हता. त्यांनी आमचा मेसेज स्वतः वाचला होता. “मुलाने न बघता ‘हो’ लिहिलं. बँडबिंड आम्हीही कधी बघत नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, टक्केवारी सोडतो, पण सील फुटलेल्या सेटचं थोडं तरी तुम्ही सोसाल का? पाचशे?

यावर घरात वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, “पाचशेय कित्याक देवचे? चूक तेंची.” कायद्याच्या दृष्टीने त्याचंच बरोबर होतं. मी पाचशे मान्य केले. आंब्याचा हंगाम तोंडावर होता, आयोगाकडे गेलं तर महिने जाणार होते, आणि मालक हिशोब उघडा मांडून बोलत होते. कुणी मला विचारलं तर मी त्याला ‘तूही पाचशे दे’ असं सांगणार नाही. माझ्या एका अटीवर मात्र मी ठाम होते: सगळं कागदावर.

ही अट का, ते नीट सांगते, कारण इथेच जास्त माणसं फसतात. दुकानदार जुना फोन घेतो, कपात करून उरलेले पैसे हातात देतो आणि विषय मिटतो. कागदोपत्री मात्र तो फोन अजून आपल्या नावावर. उद्या तो कुणाच्या हातात गेला, त्यातून काही भलतं घडलं, तर त्या आयएमईआयचं बिल आपल्या नावाचं. दुसरी गोष्ट कराची. १६,९९९ मध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला आहे. फोनची मूळ किंमत सुमारे १४,४०६ आणि कर सुमारे २,५९३. विक्री रद्द झाल्याची क्रेडिट नोट दुकानदाराने काढली की तो कर त्याच्या हिशोबातून वजा होतो. मग पंधरा टक्के कशाचे? मूळ किमतीचे २,१६१ होतात, करासह रकमेचे २,५५०. मधले जवळपास ३९० रुपये कोणत्या खात्यात जाणार होते? ते कर म्हणून घ्यायचे असतील तर त्या कपातीची वेगळी पावती हवी. हे मी मालकांना विचारलं, तेव्हा त्यांनी त्यांच्या हिशोबनीसाला फोन लावला.

फोन परत नेण्याआधी घरी एवढं केलं: मामांचं व्हॉट्सअॅप बॅकअप घेऊन जुन्या फोनवर सुरू केलं आणि गिऱ्हाइकांचे जुने पत्ते दिसतात याची खात्री केली. यूपीआयचं अॅप त्या फोनवरून काढलं. गुगलचं खातं आधी काढलं आणि मग फॅक्टरी रीसेट केला, कारण खातं न काढता रीसेट केला तर फोन पुन्हा सुरू करताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागून अडून बसू शकतो आणि दुकानदार तेवढ्यावरून परत पाठवतो. सिम आणि मेमरी कार्ड काढून घेतलं. चार्जर, केबल, सिमची पिन, कागदपत्रं सगळं खोक्यात होतं तसं भरलं, आणि फोनच्या काचेचा, कडांचा आणि मागच्या बाजूचा व्हिडिओ करून ठेवला. दुकानातही फोन त्यांच्या हातात देताना चुलतदिराच्या मुलाने मोबाइलवर चित्रण केलं. मालकांना आधी विचारून.

बदली फोन निवडताना काउंटरवरचा मुलगा मॉडेलची नावं सांगत होता आणि मी प्रत्येकाचे बँड कंपनीच्या पानावर बघत होते. १५,४९९ चा एक मिळाला, त्यात २८ होता. फरक १,५००, त्यातून ५०० वजा, १,००० रुपये तिथल्या तिथे यूपीआयने आले. हातात तीन कागद आले: जुन्या बिलाचा क्रमांक आणि आयएमईआय लिहिलेली पूर्ण रकमेची क्रेडिट नोट, ५०० रुपयांची वेगळी पावती, आणि नव्या फोनचं नवं बिल. *#०६# दाबून स्क्रीनवरचा आयएमईआय बिलाशी आणि खोक्याशी ताडून पाहिला. मग केवायएम ही इंग्रजी अक्षरं, जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवला. उलट उत्तरात मॉडेलचं नाव आलं, ते बरोबर होतं. वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू आहे तेही कंपनीच्या पानावर बघून घेतलं, म्हणजे आपल्याला कुणाचा परत आलेला सेट तर दिलेला नाही ना, हे कळतं. वाडीत आल्यावर मामांनी ओटीवर बसूनच पहिला फोटो उघडला. कोल्हापूरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या नातवाचा होता.

निघताना मालक म्हणाले होते, “वहिनी, बिलावर काय छापू ते तुम्हीच लिहून द्या.” मी तिथेच कागद मागून घेतला आणि लिहिलं: ‘सांगितल्याप्रमाणे नसलेला किंवा बिघडलेला फोन ३० दिवसांत कोणतीही कपात न करता बदलून किंवा पैसे परत देऊन घेतला जाईल. ग्राहकाच्या पसंतीमुळे परत केलेल्या, सील फोडलेल्या फोनवर … रुपये कपात होईल. कपातीची पावती मिळेल.’ रकमेची जागा रिकामी सोडली, तो आकडा त्यांनी त्यांच्या हिशोबाने ठरवायचा. आधी सांगितलेला असेल तर त्याबद्दल माझी तक्रार नाही. छापून ठेवलेली बिलबुकं संपली की नव्यात घालतो, असं ते म्हणाले. आंब्याची खोकी आणायला मला पुढच्या महिन्यात कणकवलीला जायचंच आहे, तेव्हा दुकानात शिरून नवं बिलबुक बघणार आहे.